अग्निराजाची उपसलेली तलवार

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, ऑस्ट्रेलियातल्या स्प्रिंगफील्ड लेक्समधल्या भाड्याच्या हॉलमध्ये, विक्रांतनाथ बाबांनी म्यानातून तलवार उपसली. पात्यावरच्या सुती पट्टीवर तांब्यातलं ‘मेकाँग नदीचं तीर्थ’ ओतून मंत्र सुरू केला. अर्ध्या मिनिटात पातं पेटलं. चाळीस जणांनी हात जोडले.

“व्हिएतनामच्या डोंगरात जराई लोकांचा अग्निराजा असतो. शेवटच्या राजाने ही तलवार माझ्या हाती दिली! बीपी, शुगर, अडकलेला पीआर व्हिसा, सगळं जळतं!”

कोपऱ्यात मुद्दाम आणून बसवलेला क्सोर, भाजीच्या मळ्यातला म्हातारा मजूर, खराखुरा जराई होता. त्याने पाठ फिरवली.

“बघा, त्यालाही तेज सोसवेना!” नाथ म्हणाले.

मंजिरी दारातून पुढे घुसली. टूवूंबा गावात फार्मासिस्ट असलेल्या तिला दुपारीच कळलं होतं की, तिच्या भावाने, सलिलने, त्याच्या मुलीच्या, निहारिकाच्या, फिटच्या गोळ्या नाथांच्या शब्दावर तीन दिवसांपासून बंद केल्यात. पोर चौदा वर्षांची.

नाथांनी आडव्या पात्याने समोर बसवलेल्या निहारिकाच्या पाठीत दोन रट्टे घातले. मग तापलेलं पातं दंडावर टेकवलं. कातडी चरचरली.

“डॅड, स्टॉप इट!”

सलिलने तिचे हात आणखी घट्ट धरले. ती ताठ झाली, कोसळली, झटके देऊ लागली.

“हात लावू नका! भूत निघतंय!” लोकांनी कडं केलं. मंजिरीला कुणीतरी ढकललं. खुर्चीवर आपटून तिचा ओठ फाटला. तिने तिथूनच ट्रिपल झीरो फिरवून ॲम्ब्युलन्स बोलावली.

नाथांनी पुन्हा तलवार उगारली. क्सोरने त्यांचं मनगट पकडलं. तलवारीच्या मुठीचा तडाखा त्याच्या कपाळावर बसला, रक्त डोळ्यांत उतरलं, तरी त्याने सोडलं नाही.

“आमच्यात ती तलवार उपसतच नाहीत,” तो मोडक्या इंग्रजीत ओरडला. “उपसली तर जग बुडेल म्हणतात. मी लाजेने पाठ फिरवली! आमचा अग्निराजा स्वतःचं शेत कसायचा, पावसासाठी प्रार्थना करायचा. पोरांना मारत नव्हता!”

मंजिरीने तांब्यात बोट बुडवलं. दाट, चिकट. नाथांच्या झोळीतली पुडी तिने फाडली, जांभळे खडे. ते तिथल्याच एका बशीत टाकून वर तांब्यातलं ‘तीर्थ’ ओतलं.

“बघा. मी मंत्र म्हणत नाहीये.”

अर्ध्या मिनिटात बशी पेटली. कडं मागे सरलं.

“पट्टीत पोटॅशियम परमँगनेट, तांब्यात ग्लिसरीन. पेटायला वेळ लागतो, तो मंत्राने भरून काढतात. आता सरका!”

तिने निहारिकाला कुशीवर वळवलं.

“ताई, मला वाटलं...” सलिल म्हणाला.

“वाटून चालत नाही रे. तपासायचं असतं. गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबवायची नाही, आणि जो तांब्यात बोट घालू देत नाही त्याच्या हाती मूल द्यायचं नाही.”

ॲम्ब्युलन्स चार पंचवीसला आली. पोलिसांनी विक्रांतला नेलं. क्सोरला सात टाके पडले. रविवारी सकाळी सातपर्यंत निहारिका शुद्धीवर आली नव्हती. चाळिसांपैकी दोघांनी पोलिसांना जबाब दिला होता. सलिल त्यांत नव्हता.