दोघींचं ठरलेलं

लहानपणापासून पायाला भिंगरी लागलेली, म्हणून घरचे तिला भिंगरीच म्हणायचे आणि कॉलेजातही तेच नाव रूढ झालं होतं. पण त्या आठवड्यात तिने कहरच केला. पुस्तक उघडायची, मिटायची. खिडकी लावायची, परत उघडायची. दात घासता घासता घरभर हिंडायची. शेवटी आई म्हणाली, "अगं, कुठेतरी टेक! तुझ्याकडे बघून मला घेरी यायला लागली."

कारण तसं आनंदाचंच होतं. भिंगरी कृत्रिम हातपाय बनवायचं शिक्षण घेत होती. तिसरं वर्ष संपल्यावर परदेशातल्या विद्यापीठात एक वर्ष शिकायची सोय होती आणि तिची एक सोडून दोन ठिकाणी निवड झाली होती. शुक्रवारपर्यंत एकाला होकार कळवायचा होता.

एक विद्यापीठ मोठं, नावाजलेलं, राजधानीच्या शहरातलं. नुसत्या विचाराने बोटं हलवणारा हात तिथे तयार होत होता. दुसरं कुठल्याशा लहान गावातलं. तिथली भाषा आधी शिकायला लागणार, आणि अर्धा आठवडा कार्यशाळेत, रुग्णांच्या पायाशी बसून काम.

खरं तर यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. पहिल्या वर्षापासून तिचं आणि तिच्या मैत्रिणीचं पक्कं होतं: जायचं तर मोठ्या विद्यापीठात, आणि दोघींनी मिळून. ही मैत्रीण कुठल्याही गोष्टीवर वाद घालायची म्हणून वर्गात तिला वकीलबाई म्हणत. दोघींची निवडही तिथे झाली होती. वकीलबाईने तर कुठली खोली घ्यायची आणि खिडकीजवळचा पलंग कुणाचा, इथपर्यंत निकाल देऊन टाकला होता.

दुसरा अर्ज भिंगरीने सहज म्हणून केला होता. तिथून उत्तर आलं तेव्हा ती हसली होती. पण मग मन खायला लागलं.

आत्याला विचारलं तर आत्या म्हणाली, "नाव बघ बाई, नाव! उद्या नोकरी मागायला गेलीस की कोण विचारतंय त्या खेड्याला?" सर म्हणाले, "दोन्ही चांगली आहेत," म्हणजे त्यांनी कानावर हातच ठेवले. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. ते म्हणाले, "लिफ्टसुद्धा कुठल्यातरी मजल्यावर दार उघडते. तू आपली मध्येच लटकलीस."

मग तिने मोठ्या विद्यापीठात गेलेल्या एका सीनियर मुलीला फोन लावला. ती भरभरून बोलली. काय ती यंत्रं, काय ते ग्रंथालय!

"आणि रुग्ण?" भिंगरीने विचारलं.

"येतात ना. आम्ही वर गॅलरीत बसून बघतो. हात मात्र लावायला मिळत नाही."

"तुला चालतं ते?"

"मला? मला संशोधनच करायचंय गं. माझ्यासाठी स्वर्ग आहे हा."

फोन ठेवल्यावर भिंगरी जिना तीनदा खालीवर करून आली. सीनियर खरंच खूश होती, हे तर आणखीच अवघड झालं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

बुधवारी कॉलेजच्या दवाखान्यात तिच्या कामाची पाळी होती. पोहायला शिकवणाऱ्या एक बाई तिथे रुग्ण म्हणून येत. अपघातात त्यांचा एक पाय गुडघ्याखाली गेला होता आणि त्यांच्यासाठीचा नवा पाय भिंगरीने केला होता. तिचं पहिलंच स्वतंत्र काम. मागच्या प्रत्येक भेटीत बाई "ठीक आहे" म्हणाल्या होत्या. त्या दिवशी मात्र त्या कुबड्या घेऊन आल्या आणि तो पाय पिशवीतून काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"घालवत नाही," त्या म्हणाल्या. "उतारावर आतून चावतो."

भिंगरीचा चेहरा पडला. "पण बाई, मी दर वेळी विचारत होते!"

"विचारत होतीस? 'आता ठीक आहे ना, बाई?' असं म्हणत तू माझ्याकडे अशी बघायचीस, की नाही म्हणायची सोयच नव्हती. तू प्रश्न विचारत होतीस की शाबासकी मागत होतीस?"

भिंगरीला कानशिलात बसल्यासारखं झालं. तिची सगळी मापं बरोबर होती. तिने ती सरांना दाखवली, सरांनीही मान डोलावली. चूक कागदावर सापडेना. मग ती बाईंसमोर जमिनीवर बसली, पाय चढवला आणि त्यांना बाहेरच्या उतरत्या रस्त्यावर चालायला सांगून स्वतः त्यांच्यापुढे उलट्या पावली चालत गेली. "इथे? की जरा वर? टोचतं की दाबतं?" बाई सांगत गेल्या. पाय जिथे बसतो ती वाटी तिने घासली, पुन्हा चढवली, पुन्हा रस्त्यावर. सगळी दुपार त्यात गेली, आणि ती कधी नव्हे ती एका कामाला चिकटून राहिली. शेवटी बाई म्हणाल्या, "आता बरं आहे. अगदी छान नाही. पुढच्या आठवड्यात परत येते."

त्यांनी परदेशाबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्यांना काही ठाऊकच नव्हतं. पण हात धुताना भिंगरीला कळून चुकलं होतं, की आपल्याला नेमकं काय येत नाही. आणि ते गॅलरीत बसून येणार नव्हतं.

आता वकीलबाईला सांगायचं होतं. कॉलेजच्या पायऱ्यांवर तिने एका दमात सांगून टाकलं. वकीलबाईने वाद घातला नाही. ती पायरीवरची माती नखाने खरवडत बसली, आणि त्याने भिंगरीचा जीव आणखी घाबरा झाला.

"बोल ना काहीतरी."

"काय बोलू? दोन वर्षं एकत्र म्हणायचं आणि ऐन वेळी मला वाऱ्यावर सोडायचं."

"तू पण चल ना तिकडे. अर्ज अजून घेताहेत ते. भाषा तर तू माझ्यापेक्षा लवकर..."

"मला नाही जमत!" वकीलबाई ओरडली. मग हळू आवाजात म्हणाली, "रुग्णासमोर बसलं की माझे हात थरथरतात. तुला कधी कळलं नाही? मी वाद घालते तो तुमच्याशी. अनोळखी माणसापुढे माझी वाचा बसते. मला ती यंत्रंच बरी. पण एवढ्या मोठ्या शहरात एकटीने..."

भिंगरीला खरंच कळलं नव्हतं. तिथल्या तिथे "जाऊ दे, मी येते तुझ्याबरोबर" असं तिच्या ओठांवर आलं. वकीलबाईने ते ओळखलं आणि उठून उभी राहिली. "आता दया दाखवून आलीस ना, तर वर्षभर तोंड बघणार नाही तुझं," म्हणाली आणि निघून गेली.

गुरुवारचा दिवस भिंगरीने तळमळत काढला. शुक्रवारी तिने लहान गावाला होकार कळवला. कळवल्यावर हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. संध्याकाळी वकीलबाईचा निरोप आला: खोलीसाठी दुसरी मुलगी मिळाली, आणि खिडकीजवळचा पलंग तिने मागितलाय, हे बघ तुझ्यामुळे काय झालं. भिंगरी हसली आणि मग रडली.

त्या गावात तिचे पहिले महिने वाईटच गेले. थंडी हाडांत शिरायची, भाषा तोंडात बसायची नाही. दुखतंय कुठे असं विचारायच्या जागी तिने एका रुग्ण आजोबांना "छप्पर गळतंय का?" असं विचारलं, आणि आजोबा पोट धरून हसले. पण मग त्यांनी तिचा हात धरून दुखऱ्या जागेवर नेऊन ठेवला. इथे कुणी घाई करत नसे. हळूहळू ती थांबायला शिकली, प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत गप्प बसायला.

वकीलबाईचे फोन आधी रोज येत, रडवेले. मग रविवारी, मग कधीतरी. एकदा भल्या सकाळी फोन आला, ती धापा टाकतच बोलली. तिच्या गटाने बनवलेल्या हाताने अंड्याला तडा न जाऊ देता ते उचललं होतं. "मी आणि ती खिडकीवाली, दोघींनी रात्र काढली त्याच्यावर," ती म्हणाली.

वकीलबाईशेजारची ती जागा भिंगरीची होती. ती "वा!" म्हणाली, अगदी मनापासून, आणि फोन ठेवून कोट चढवून बाहेर पडली. पुलापर्यंत गेली, परत आली, परत गेली. मग कार्यशाळा उघडायची वेळ झाली तशी ती तिकडे वळली.