पहिल्या तुकड्याचा मान

व्हर्लिन स्वोबोडाने सुरी स्टेकच्या मध्यावर टेकवली, एका ओढीत तुकडा पाडला आणि तो काट्यावर उचलून तोंडाकडे न नेता नाकापाशी धरला. शेजारच्या टेबलांवरचे बोलणे आपोआप खाली आले. क्लिमांच्या या स्टेकहाउसमध्ये हे पूर्वापार असेच चालत आले होते. थंड खोलीत आठवडेच्या आठवडे टांगून मुरवलेल्या मांसाची नवी खेप निघाली, की पहिला तुकडा व्हर्लिनच्या ताटात पडे, आणि त्याने मान डोलावल्याखेरीज त्या खेपेतले मांस कोणाही गिऱ्हाइकापुढे जात नसे. सरकारी शिक्का हाती घेऊन त्याने उभ्या जन्मात गुरांच्या मांसाची प्रत ठरवली होती. निवृत्तीबरोबर शिक्का गेला, नाक उरले. आणि अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या त्या कोपऱ्यात लोकांचा भरवसा थर्मामीटरपेक्षा त्या नाकावर अधिक होता.

त्याने दीर्घ श्वास घेतला. ऊन हवा आत गेली. तिच्यासोबत दुसरे काहीही गेले नाही.

जानेवारीतल्या तापात गेलेली वासाची जाण परत आली नव्हती. हे त्याने कोणाला सांगितले नव्हते, बायकोला, आर्लिसलाही नाही. सांगावे लागू नये अशी युक्ती मात्र त्याला सापडली होती. दुधाचे भांडे उघडताना आर्लिसने नाक मुरडले, की तो दूध ओतून देई. इथे, या टेबलावर, तो तिला आधी घास घेऊ देई, तिचा चेहरा निरखी आणि मग मान डोलावी. मार्चमध्ये ते साधले, मेमध्येही साधले. एकाचे नाक दुसऱ्याच्या चेहऱ्यावर चालू शकते, असा निष्कर्ष त्याने काढला होता. हे वागणे प्रामाणिक आहे की नाही, या वादात तो स्वतःशी कधी शिरला नाही.

"घे की तू," तो म्हणाला.

"आज तुझं होऊ दे आधी." आर्लिस पावाला लोणी लावत होती.

"गार होईल."

"होऊ दे. इतके दिवस गारठ्यातच लटकत होतं ना?"

तो हसला. ती हसली नाही. तिचा चेहरा पाटी पुसावी तसा कोरा होता.

तेवढ्यात मालक ड्वेन क्लिमा एप्रनला हात पुसत आला. पन्नाशी उलटली तरी व्हर्लिनपुढे तो परीक्षेला बसल्यासारखा उभा राही.

"उद्या अग्निशमन दलाची मंडळी आहेत, व्हर्लिन. बायकापोरांसकट. अख्खी खेप त्यांच्यासाठीच काढलीय."

"थंड खोली ठीक होती ना?"

"तेच जरा..." ड्वेनने आवाज खाली आणला. "वादळ झालं त्या रात्री यंत्र बंद पडलं होतं. किती वेळ, कुणास ठाऊक. सकाळी आलो तर चालू. मांसावरचा बाहेरचा थर सगळा खरवडून टाकलाय मी. मला तर मांस बरं वाटतंय. पण माझं हे सिगारेटींनी धुरकटलेलं नाक! तुम्ही आहात म्हणून रात्री झोप लागते मला."

"दोन मिनिटं दे, पोरा."

"व्हर्लिन," पलीकडच्या टेबलावरून एका लठ्ठ शेतकऱ्याने हाळी दिली, "त्या तुकड्याशी लग्न लावतोयस की काय? घाल की तोंडात!"

दालनभर हशा पिकला. ड्वेन त्या टेबलाकडे वळला. व्हर्लिनने पुन्हा आर्लिसकडे पाहिले.

"माझ्या तोंडाकडे काय बघतोस?" ती हळूच म्हणाली. "मांस ताटात आहे."

काटा त्याच्या हातात तसाच राहिला.

"कधी कळलं तुला?"

"एप्रिलमध्ये. शेगडीचा गॅस गळत होता, आणि तू तिच्या शेजारी बसून पेपर वाचत होतास."

"मग मेमध्ये इथे मला..."

"मेमध्ये मांस चांगलं होतं, म्हणून खाल्लं. वाटलं, घरी गेल्यावर तू सांगशील."

"आणि आज?"

"आज मी पाव खातेय."

त्याने तुकडा तोंडात घातला. मीठ लागले, ऊब लागली, दातांखाली मऊपणा लागला. यापलीकडे जिभेची साक्ष पोहोचत नव्हती. तो चावत राहिला. उद्या इथे बसणारी पोरे त्याला नावानिशी ठाऊक होती.

ड्वेन परत आला. "काय मग?"

व्हर्लिनची हनुवटी खाली गेली. ती त्याने नेली असे म्हणता येणार नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने ती आपली आपण गेली. ड्वेनचा चेहरा उजळला. त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे हात उंचावला.

"थांब," व्हर्लिन म्हणाला. आवाज त्याच्या अंदाजाहून मोठा निघाला. "माझं नाक गेलंय, ड्वेन. जानेवारीपासून. मला काही कळत नाही."

ड्वेन हसू लागला, आणि मध्येच थांबला. लठ्ठ शेतकरी आपल्या ताटात काहीतरी शोधू लागला.

"आणि मार्चचा माल?"

"हिच्या तोंडाकडे बघून सांगितला."

ड्वेनने ताट सरकवून आर्लिससमोर आणले. "मग तुम्ही सांगा, आर्लिस."

तिने ताटाकडे पाहिलेही नाही. "फेकून दे. टेबलावर ठेवलं तेव्हाच आंबूस वास आला मला."

ड्वेनने ताट स्वतः उचलले, अंगापासून दूर धरले आणि तो आत गेला.

मी गप्प बसलो असतो तर तू सांगितलं असतंस का? प्रश्न व्हर्लिनच्या ओठांपर्यंत आला. मग त्याचे लक्ष तिच्या बशीकडे गेले. पावाचा एकही घास तिने घेतला नव्हता. कुस्करून कुस्करून त्याचा नुसता चुरा केला होता, आणि लोण्याची सुरी अजून तिच्या मुठीत होती. प्रश्न त्याने गिळला.

वाढणारी बाई आली. क्षणभर घुटमळून तिने दोघांपुढे एकेक मेनू ठेवला. इतक्या वर्षांत इथे त्याच्या हाती मेनू कोणी दिला नव्हता. त्याने चष्मा पुसला, पहिले पान उघडले आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागला.

"तुला काय हवंय?" त्याने विचारले, आणि ती बोलेपर्यंत मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही.