जोडलेले हात

“भाऊचा मेसेज आला वाट्टे. हात जोडून दे वं माय.”

निवृत्ती मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत बसला होता. माल नांदुऱ्याला जायचा होता आणि हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. मोबाइल लेकीकडं, सुचिताकडं होता.

थोरला भाऊ भगवंतराव बुलढाण्याला मोठ्या नोकरीतून रिटायर झालेला. रोज सकाळी तो भावकीच्या ग्रुपवर काहीतरी टाकायचा आणि निवृत्तीनं त्यावर लगेच जोडलेल्या हातांचं चित्र लावायचं, हा रिवाज. वाचायची गरजच नव्हती. थोरल्याचं आहे ना, मग जोडा हात! वर्षभरापूर्वी सुचिता नवऱ्याचं घर सोडून आली, तेव्हापासून हे काम तिच्याकडं आलेलं.

आज तिचा अंगठा थांबला.

“काय हाये?”

“मोठेबाबांनी विनोद टाकला. वाचू?”

“वाच ना.”

“माहेरी वापस आलेली पोरगी अन् मंडीतून वापस आलेली भाजी, पुन्हा भाव भेटत नाही.” तिनं बोटानं खाली सरकवलं. “सगळे हासून राह्यले खाली. आत्याबी.”

पलीकडं बसलेल्या तिच्या आईनं, शालूबाईनं, जुडी इतकी करकचून आवळली की देठच तुटले. पण जेठाबद्दल बोलणार काय?

“कोनाचा तरी आलेला पुढं ढकलला असंन त्यानं,” निवृत्ती म्हणाला. “तुह्यावर थोडाच हाये?”

“आपल्या भावकीत वापस आलेली दुसरी कोन हाये, बाबा?”

निवृत्तीनं दुसरी जुडी उचलली. सुचिताला भांडण नकोच होतं. बापानं फक्त ‘भाऊ, हे बरं नाही केलं’ एवढं म्हणावं, बस्स. वर्षभरात तिनं त्याच्याकडं दुसरं काही मागितलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. भगवंतरावच. बापाचे हात भरलेले, म्हणून सुचितानं स्पीकर लावून फोन समोर धरला.

“काऊन बे निवृत्ती, समद्यायचं आलं, तुहंच नाही आलं. राग आला का काय? अबे, गंमत असते ते. ग्रुपवर मन मोठं ठेवा लागते.”

मायलेकी दोघी निवृत्तीच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

“नाही भाऊ,” तो म्हणाला. “राग कायचा? हात भरेल व्हते.”

फोन बंद झाला. शालूबाई उठली आणि उगाचच पाण्याची घागर इकडची तिकडं ठेवून आली.

“जोडून दे वं सुचे,” निवृत्ती हळूच म्हणाला. “थोरला हाये.”

“म्या नाही जोडत. तुमीच जोडा.”

तिनं मेसेजवर बोट दाबून धरलं, चित्रांची ती बारकी रांग वर आणली आणि मोबाइल त्याच्यापुढं केला. निवृत्तीनं दुपट्ट्यानं हात पुसले, पुन्हा पुसले. चष्मा घरीच राहिला होता. त्यानं डोळे बारीक केले आणि अंदाजानं एक चित्र दाबलं.

“लागले ना हात?”

सुचितानं पाहिलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारं ते पिवळं तोंड. हसणाऱ्यांच्या नावांत आता बापाचंही नाव होतं. लगेच खाली भगवंतरावाचा शाबासकीचा अंगठा आला.

“लागले, बाबा,” ती म्हणाली आणि मेथी पुढं ओढली.