सुईच्या जागचे फोड

सुई टोचण्यात मोठ्या सिस्टरांचा हात धरणारं त्या हॉस्पिटलात कुणी नव्हतं. भल्याभल्यांना ज्यांची शीर सापडायची नाही, असे पेशंट शेवटी त्यांच्याकडे यायचे. "टोचलं का?" असं पेशंट विचारेपर्यंत बाई पट्टी लावून मोकळ्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीत याचा त्यांना अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

शनिवारी घड्याळं दुरुस्त करणारा एक चाळिशीचा माणूस दाखल झाला. त्याला एकाची दोन घड्याळं दिसत होती, जीभ जड झाली होती आणि उचकी थांबायचं नाव घेत नव्हती.

"मीसुद्धा दोन दिसते यांना," त्याची बायको म्हणाली. "इथे एकच झेपत नव्हती!"

तपासणीत मेंदूच्या देठाला सूज निघाली. गिळणं, बोलणं, श्वास, सगळा कारभार तिथूनच चालतो. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी बायकोला समजावलं, "गाठ असेल किंवा नुसता दाह असेल. दाहाचं औषध आधीच दिलं, तर गाठ असली तरी झाकली जाईल. म्हणून शुक्रवारी आतला तुकडा काढून तपासायचा. जागा फार नाजूक आहे."

सोमवारी सकाळी मोठ्या सिस्टर सलाइनची जागा बदलायला गेल्या आणि बघतच राहिल्या. शनिवारी त्यांनी जिथे जिथे सुई टोचली होती, तिथे तिथे लाल फोड उठले होते आणि टोकाला पू होता. गेल्याच महिन्यात असाच एक फोड निघाला, तेव्हा त्यांनी एका नव्या नर्सला अख्ख्या वॉर्डासमोर फैलावर घेतलं होतं. आता स्वतःच्या हातचं कुणाला दाखवणार?

त्यांनी फोड पुसले, पट्ट्या लावल्या, शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या आणि कागदावर काही लिहिलं नाही. बुधवारी नव्या जागांवरही तेच. डॉक्टरीणबाई रोज विचारायच्या, "अंगावर पुरळ, फोड, जखम?"

"काही नाही, मॅडम."

बुधवारी दुपारी घड्याळवाला घोटभर पाणी प्यायला, ते नाकातून बाहेर आलं. त्याला जेवणासाठी नाकातून नळी घालावी लागली.

गुरुवारी बायकोने शर्ट बदलायला घेतला आणि पट्ट्या सुटल्या. ती किंचाळलीच. "अहो मॅडम, हे बघा! माणसाच्या हातांची काय दशा केलीय या बाईंनी!"

सगळा वॉर्ड बघत होता. नोकरी गेली, नाव गेलं, असं मोठ्या सिस्टरांना वाटलं.

डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी एकेका फोडावर बोट ठेवून पाहिलं आणि बायकोला विचारलं, "यांना सारखं तोंड येतं का?"

"येतं की, महिन्या-दीड महिन्याला. पण तोंड येणं हा काय सांगायचा आजार आहे का?"

"उद्याचं ऑपरेशन रद्द!" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला होता. "सिस्टरांची काही चूक नाही. सुई स्वच्छच होती. सारखं तोंड येणारा एक आजार असतो, त्यात कातडीला नुसतं टोचलं, तरी दोन दिवसांत असा फोड येतो. फार थोड्या लोकांना होतो, आणि डोक्यातली सूजही त्याचीच. औषध आत्ता, या मिनिटाला सुरू करा."

बायकोने रडत मोठ्या सिस्टरांचे दोन्ही हात धरले. "ताई, मी उगाच वाटेल ते बोलले तुम्हाला."

डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या होत्या. "पहिला फोड कधी दिसला, सिस्टर? आजच ना?"

नुसतं हो म्हणायचं होतं. कुणाला कधी कळलं नसतं.

"सोमवारी," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंचा पेन थांबला. "मी रोज विचारत होते."

"हो."

बायकोला कळायला थोडा वेळ लागला. तिने हात सोडले नव्हते.

"सोमवारी तर हे पोटभर जेवले होते," ती म्हणाली.

पलंगावरचा माणूस जागा होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. तो काहीतरी बोलायला गेला, पण घशातून फक्त घरघर आली.