मोजे घातलेल्या बाटल्या

माझं नाक चुकत नाही. ही फुशारकी नाही, फ्रान्सच्या दक्षिणेतल्या आमच्या कॉर्बिएरमध्ये कुणालाही विचारा. ग्रेनाशचा घोट गिळल्यावर घशात पिकल्या चेरीची ऊब राहते. सिराला व्हायोलेटच्या फुलांचा वास असतो आणि मागून काळं ऑलिव्ह येतं. कारिन्यान उग्र, आंबट, तुरट, सगळ्या अंगाला रानातला थाइमचा पाला चोळून आल्यासारखी. डोळे मिटून द्राक्षाच्या या तिन्ही जाती ओळखते मी. बाबा गेल्यापासून घरच्या वाइनची जुळणी माझ्या हातात आहे. कुठल्या पिंपातली किती घ्यायची, हे मी, रोझलीन, ठरवणार. वेली माझा धाकटा भाऊ रेजिस बघतो. ही वाटणी मला नेहमीच रास्त वाटत आली होती.

यंदा आम्ही दोघं भांडलो ते ला कूमोवरून. ला कूमो म्हणजे टेकडीच्या कुशीतला आमचा जुना तुकडा. आजोबांनी लावलेल्या कारिन्यानच्या वेली, ना तारा ना खांब, प्रत्येक खोड गुडघ्याएवढं आणि वाकडंतिकडं. तिथं यंत्र चालत नाही. छाटणी हातानं, तोडणी हातानं, आणि द्राक्षं मिळणार मूठभर. रेजिसनं ठरवलं होतं की हे सगळं उपटायचं आणि तारांवर सिरा लावायची. खोडं उपटणारं यंत्रही त्यानं शेजारच्या गावातून सांगून ठेवलं होतं.

"विचारलंस मला?" मी म्हणाले.

"तू मला विचारून वाइन जुळवतेस?" तो म्हणाला.

मी जिवंत असेपर्यंत ला कूमो उपटली जाणार नाही, असं मी ओरडून सांगितलं. तो म्हणाला, मग लवकर आटप. आईनं तेव्हा हातातला डाव टेबलावर आपटला. आमची आई लेओंतीन चौऱ्याऐंशीची आहे, पण तिनं काही आपटलं की आम्ही अजून गप्प बसतो.

"जुळणीच्या दिवशी ठरेल," ती म्हणाली. "बाबा करायचे तसं. तीन बाटल्या, आपल्या तिघांची तीन बुचं. ज्या बाटलीपुढे दोन बुचं पडतील ती वाइन यंदाची. त्यात कारिन्यान असेल तर यंत्राला नाही म्हणून कळवायचं. नसेल तर रोझलीन तोंड बंद ठेवेल. जमतंय?"

मला हसू फुटलं. माझ्यापुढे तीन पेले ठेवून मला हरवणार? त्यातला एक पेला माझ्या ला कूमोचा. मी लगेच हो म्हणाले. रेजिसही हो म्हणाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

जानेवारीतल्या त्या सकाळी काझालबू आले. ते शहरात प्रयोगशाळा चालवतात आणि आमच्या वाइनची तब्येत बघतात. ओतणारा मत देत नाही, हा नियम. त्यांनी आतल्या खोलीत तिन्ही जुळण्या करून बाटल्यांत भरल्या आणि बाटल्यांना बाबांचे जाड लोकरीचे मोजे चढवले. मोज्यावर खडूनं एक, दोन, तीन असे आकडे. आत काय आहे ते फक्त त्यांना ठाऊक. त्या सकाळी घरात कॉफी नाही, सिगारेट नाही, साबणसुद्धा बिनवासाचा.

टेबलावर पाव आणि पाणी असतंच. मी त्यात मेंढीच्या दुधाचं चीज ठेवलं, चांगलं जुनं, जाड तुकडे करून.

यात काय मेख आहे ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. चीज जिभेवर साय धरतं. त्यावर कितीही तुरट, रागीट वाइन पडली तरी ती मऊ लागते. म्हणून वाइन विकणारा पाहुण्यापुढे आधी चीज ठेवतो. आणि घेणारा मुरलेला असला तर खिशात सफरचंद घेऊन येतो. सफरचंदानं तोंड असं लख्ख होतं की वाइनमधली प्रत्येक खोट नागडी उभी राहते. कारिन्यानसारख्या उग्र वाइनला चीज म्हणजे आई आणि सफरचंद म्हणजे सासू.

रेजिस आत आला, चीजकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग डगल्याच्या खिशातून दोन सफरचंदं काढून त्यानं चीजच्या शेजारी ठेवली आणि चाकूनं फोडी केल्या. हिरवी, आंबट जात. मुद्दाम शोधून आणलेली.

"भूक लागेल एखाद्याला," तो म्हणाला.

"हो ना," मी म्हणाले. "मी पण त्याच विचारानं चीज ठेवलंय."

काझालबू छताकडे बघत राहिले. आई दोन्ही ताटल्यांकडे बघून म्हणाली, "बाबा तुमचे लबाड होते, पण इतके नव्हते."

ते मला झोंबलं. माझ्या नाकाला चीजचा टेकू लागतो असं कुणी म्हणावं? मी सरळ हात लांब करून सफरचंदाची सगळ्यात मोठी फोड उचलली आणि रेजिसच्या तोंडाकडे बघत कडाकडा चावून खाल्ली. मग दुसरी. रेजिस लालबुंद झाला.

"असं का?" तो म्हणाला. त्यानं चीजचा जाडजूड तुकडा तोंडात कोंबला. "घे. तुझ्या चीजनं मी फसतोय होय!" पहाटेपासून उपाशी होता. तुकड्यामागून तुकडे त्यानं अर्धी ताटली संपवली. आईनं थोडं हे खाल्लं, थोडं ते खाल्लं, वर पाव खाल्ला.

काझालबूंनी ओतायला घेतलं.

पहिली वाइन सरळमार्गी. चेरी, थोडी मिरी, नमस्कार करून निघून गेली. दुसरी पेल्यात फिरवली आणि नाकाशी नेली, तर असा वास आला की मी खुर्चीत ताठ बसले. पिकलेली काळी फळं, मागे कातडं, अंग भरलेलं, आणि गिळल्यावर चव लांबपर्यंत रेंगाळत राहिली. हीच, मी मनात म्हणाले. ही माझी ला कूमो. तिसरीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. दातांवर खरखर, आंबटपणा टोचणारा, तुरटपणा तर हिरड्यांना चिकटून बसलेला. ही रेजिसची खालच्या शेतातली सिरा, पावसाच्या भीतीनं कच्ची तोडलेली. मी तेव्हाच त्याला सांगितलं होतं, दोन दिवस थांब म्हणून.

मी बूच दुसऱ्या बाटलीपुढे ठेवलं. ठक्क आवाज करून ठेवलं, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

रेजिस तिसऱ्या पेल्यात नाक घालून बसला होता. त्याचा चेहरा पार सैलावून मऊ झाला होता, जेवण झाल्यावर होतो तसा. "वा," तो स्वतःशीच म्हणाला. "हिला म्हणतात वाइन. दुसरी नुसतीच गोडगोड बोलते. हिला काहीतरी सांगायचंय." आणि त्याचं बूच गेलं तिसरीपुढे.

मी गालातल्या गालात हसले. स्वतःच्या कच्च्या सिरावर इतका जीव!

आता सगळं आईच्या हातात होतं. तिनं दोन्ही पेले पुन्हा भरून घेतले. एक घोट याचा, एक त्याचा. मी खोकले. टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला.

"पाय काढ, रोझलीन," आई मोठ्यानं म्हणाली.

रेजिस खो खो हसला. आईनं बूच बोटांत फिरवलं, खिडकीबाहेर बघितलं आणि ते तिसऱ्या बाटलीपुढे ठेवून दिलं.

मला रडू फुटलं. खरं सांगते, बाबा गेले त्या दिवशी मी इतकी रडले नव्हते, कारण करायची कामं फार होती. आता हात रिकामे होते आणि समोर ला कूमोची खोडं एकेक करून उपटली जाताना दिसत होती. सगळी माझ्या चुकीनं नव्हे, यांच्या जिभा मेल्या म्हणून. तेही मी बोलून दाखवलं.

"काझालबू, काढा मोजे," मी म्हणाले. "बघू दे यांना आपण काय निवडलंय ते."

काझालबूंनी घसा साफ केला. पहिली बाटली, ग्रेनाश आणि सिरा. दुसरी, ग्रेनाश आणि नव्या पिंपातली सिरा. "आणि तिसरीत," ते मोजा ओढत म्हणाले, "एक तृतीयांश ला कूमोची कारिन्यान आहे."

 आई हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

मी तिसरा पेला परत उचलला. आता त्यात थाइम होता. सगळाच्या सगळा थाइम, रखरखीत टेकडीसकट. सफरचंदानं माझं तोंड इतकं धारदार झालं होतं की मी माझ्याच लेकराला रस्त्यावरचं समजून हाकललं होतं. आणि रेजिसला माझ्या चीजनं गोंजारून त्याच लेकराच्या गळ्यात पाडलं होतं.

"मी जिंकले," मी म्हणाले.

"तू?" रेजिस उभा राहिला. खुर्ची मागे पडली. "तुझं बूच कुठंय बघ! ला कूमोला वाचवलं मी. मी, ज्याला ती नकोय!"

"जिभेला तर हवीशी वाटली."

"जिभेला!" तो ओरडला. "ताई, जिभेला सगळं सोपं असतं. तू वास घेतेस, काझालबू वाहवा करतात, पाहुणे तुझ्या हाताला हात लावून बघतात. खाली वाकतं कोण? तिथलं एक तरी खोड तू शेवटचं कधी छाटलंस? सांग ना! सगळं आयतं मिळतंय तुला, आणि म्हणे माझी ला कूमो!"

मी हातातला पेला खाली ठेवला.  

"तिची वाइन मला आवडते गं," तो खुर्ची उचलून बसत म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "कुणाला आवडणार नाही? पण माझ्या कमरेला विचार."

काझालबूंनी हळूच टोपी उचलली आणि रजा घेतली. आईनं डोळे पुसले.

"ठरलं ते ठरलं," ती म्हणाली. "यंत्राला नाही म्हणून सांग, रेजिस. आणि ला कूमोची छाटणी यंदापासून रोझलीन करेल."

"मी?" मी म्हणाले. "साठीला आलेय मी, आई."

"मग? वेली शंभरीला आल्यात."

फेब्रुवारीत मी कात्री घेऊन टेकडीवर गेले. मला जमेल याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. लहानपणी बाबांच्या मागे मागे हिंडून मी हे सगळं बघितलं होतं. खोडाच्या प्रत्येक फांदीवर, म्हणजे ओलांड्यावर, एक काडी ठेवायची, काडीवर फुटव्याचे दोन डोळे ठेवायचे, बाकी उडवायचं. इतकं सोपं. आमच्याकडचा वायव्येचा सेर वारा असा सुटला होता की नाकातलं पाणी गालावर जात होतं. पहिली ओळ अर्धी झाली तेव्हा मी गुडघ्यांवर आले होते. ती पुरी झाली तेव्हा मी देवाचं नाव घेत होते, आणि आमच्या घरात ते कुणी घेत नाही.

दुपारी खालच्या रस्त्यानं रेजिसचा ट्रॅक्टर आला. थांबला. तो वर चढून आला आणि मी छाटलेल्या वेलींपुढून सावकाश चालत गेला.

"बोल काय बोलायचं ते," मी म्हणाले.

"डोळे जास्त ठेवलेस. हिला पेलवायचे नाहीत."

"मग शिकव ना. नुसता उभा काय राहिलास?"

त्यानं माझ्या हातातली कात्री घेतली. वेलीपुढे वाकला, मग एक गुडघा टेकला, मग दुसरा. दोन कट मारले, तिरके, स्वच्छ. खोडावर तळवा ठेवून वरची माती झटकली आणि बोटानं दाखवलं, इथून नवीन फूट येईल. इतक्या हळुवार हातानं त्याला मी कधी काही करताना पाहिलं नव्हतं. ला कूमो नकोशी झालेल्या माणसाचे हात नव्हते ते.

मग तो उठायला गेला आणि अर्ध्यावर अडकला. एक हात खोडावर, दुसरा कमरेवर, दात घट्ट आवळलेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. श्वास धरून थांबला. हे सगळं इतकं सवयीचं दिसत होतं की ते रोजचंच असणार, प्रत्येक वेलीपाशी, बाबा गेल्यापासूनच्या प्रत्येक हिवाळ्यात, आणि तेव्हा मी खाली घरात पेल्यात नाक घालून बसलेली.

मी त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला उभं केलं.  मी कात्री परत घेतली आणि त्याला म्हटलं, "तू उभा राहूनच सांग. वाकेन मी."

तो उभा राहिला, आणि मी पुढच्या वेलीपाशी गुडघे टेकले.