बाहेर उघडणारे दार

मित्रांनो, माझा आवाज जरा दबका येतो आहे, कारण कमरेपर्यंत मी वाळूत आहे. नुआकशोत शहराच्या पूर्वेकडच्या टोकाला मी उभे आहे. मी एक जुने दार. जन्माने मासेमारीची होडी. मोडीत निघालेल्या फळ्यांतून सांबा सुताराने मला घडवले.

आमच्या मॉरिटानियात महाराष्ट्रासारखी तीन राज्ये मावतील, आणि वर उरेल तीही वाळूच. फ्रेंचांच्या अमलात देशाची राजधानी शेजारच्या देशात होती. ते जायला निघाले तेव्हा हे सर्वांच्या लक्षात आले. मग घाईघाईने समुद्र आणि वाळवंट यांच्यामध्ये, बरोबर वाऱ्याच्या वाटेवर, थोड्या माणसांसाठी शहर आखले. पुढे दुष्काळात उंट मेले आणि अख्खे वाळवंट तंबू घेऊन राजधानीत राहायला आले.

त्यांतच माझा मालक येस्लेम. त्याने खोली बांधली. वाळू येते म्हणून खिडकी ठेवली नाही. दार मात्र आयुष्यात पहिल्यांदाच घेतले.

"आत उघडू दे हो," त्याची बायको तुत्तू म्हणाली.

"तंबूचा पडदा कधी आत लोटतात का? पाहुणा आला की बाहेर उचलून धरायचा. आत लोटून येतो तो चोर!"

"पाहुणा येईल तेव्हा येईल. वाळू रोज येते."

सांबाने मला बाहेर उघडणारे केले. पाहुण्यांनी माझे फार कौतुक केले. माझ्यापुढची वाळू रोज उपसणाऱ्या तुत्तूचे कुणी केले नाही.

मग ते वाळूचे वादळ आले आणि माझ्यापुढे अर्ध्या उंचीपर्यंत ढीग साचला. तुत्तू तापाने फणफणलेली, पिंपात पाणी नाही, फावडे बाहेर. येस्लेम खांदा लावून मला ढकलत होता, रडत होता. मित्रांनो, मी जीव तोडून जोर लावला. तसूभरही हलले नाही.

हाका ऐकून सांबा करवत घेऊन धावला. "दादा, मधोमध आडवं कापावं लागेल!"

"काप रे बाबा, काप!"

"आणि पाहुणे काय म्हणतील?" आतून तुत्तूचा क्षीण आवाज आला.

माझ्या खालच्या अर्ध्यावरून तिला बाहेर काढले. ती वाचली.

वरचा अर्धा पुन्हा बसवताना सांबाने विचारले, "आता हा कुठे उघडणारा करू?" चहाचा तिसरा पेला संपवून येस्लेम म्हणाला, "बाहेरच. एवढ्या वर कुठली वाळू येतेय?"

आज वाळू माझ्या दोन अर्ध्यांमधल्या सांध्याला टेकली आहे. वारा सुटला आहे. तुत्तू आत निजली आहे, फावडे बाहेरच आहे. मित्रांनो, मला रंग नको, तेल नको. कुणीतरी माझ्या बिजागऱ्या फिरवा, मला आत उघडू द्या. वाळूला मी अडवू शकत नाही. निदान माणसांना तरी अडवायला लावू नका.