देवाला दिलेली कोंबडी

बनुबाईचा हात इतका सढळ होता की घरातल्यांना त्याची धास्ती वाटे. आणि सुगीचा सण आला की विचारायलाच नको.

कर्जतकडच्या त्या छोट्या ख्रिस्ती वस्तीत सणाला घरटी काहीतरी चर्चमध्ये आणून ठेवत: कणसं, भोपळा, अंडी. उपासना झाली की त्याचा लिलाव व्हायचा आणि पैसा चर्चला जायचा. पण बहात्तरच्या दुष्काळात सुगीच नव्हती. सगळी वस्ती सरकारी कामावर खडी फोडत होती आणि तिथं वाटलं जाणारं भाजकं पीठ, सुकडी, खात होती. पाळकसाहेबांनी आधीच सांगून टाकलं होतं, "या साली रेशनची मूठभर मिलो ज्वारी आणली तरी पुष्कळ."

मूठभर हा शब्द बनुबाईला झोंबला. देवापुढं मूठभर घेऊन जायचं म्हणजे तिला लाजच.

घरात देण्याजोगं एकच होतं, तांबडी कोंबडी. ती राखली होती लेकीसाठी. रूथ पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आणि अंगावर मांस म्हणून नाही. बाळंतिणीला चार दिवस रस्सा मिळावा म्हणून बनुबाई स्वतःच्या सुकडीतला घास कोंबडीला टाकत होती. सणाच्या सकाळी तिनं खुराड्यापुढं उभं राहून देवाशी सौदा केला. "आज अंडं दिलं तर अंडं तुजं. न्हाई दिलं तर कोंबडीच तुजी."

कोंबडीनं कितीतरी दिवसांत अंडं दिलं नव्हतं. त्या दिवशीही दिलं नाही. बनुबाईनं तिचे पाय बांधले.

"आये, कोंबडीला तरी इचारलंस का?" रूथ म्हणाली. "आन मला?"

"तुजं देव बघंल."

"त्यानं बघितलं म्हनूनच कोंबडी हाय ना घरात?"

बनुबाई कोंबडी काखेत घेऊन तरातरा चर्चकडे चालू लागली.

पैसा कुणाकडेच नव्हता, म्हणून पाळकसाहेबांनी ज्याच्याकडे जे असेल त्याची बोली लावायला मुभा दिली. मुकादम याकोबनं मिलोची बोली लावली आणि कोंबडी जिंकली. ती कुणासाठी राखली होती हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. त्यानं ती सरळ बनुबाईच्या मांडीवर आणून ठेवली. "रूथला घाला रस्सा करून."

बनुबाई उठली आणि कोंबडी परत टेबलावर ठेवून आली. "देवाला दिल्यालं मी घरी न्हेत न्हाई."

पुन्हा लिलाव झाला. मास्तरांच्या एस्तेरबाईंनी चर्चच्या दिव्याला रॉकेल कबूल केलं, कोंबडी घेतली आणि बनुबाईला दिली. बनुबाईनं ती पुन्हा टेबलावर नेली. आता पुरुषांच्या बाजूला खसखस पिकली. पाळकसाहेब घड्याळाकडे बघू लागले. कोंबडीनं तर मान टाकून डोळेच मिटले.

तेवढ्यात दाराशी बसलेली रंगुबाई उभी राहिली. म्हातारी एकटी, घरात भांडीसुद्धा मोजकीच. दरसाल सणाला बनुबाई तिच्या ओच्यात गुपचूप दोन अंडी टाकायची, म्हणजे तिला रिकाम्या हातानं जायला नको.

"पुढच्या सणापतूर ह्ये देवाचं घर मी झाडीन," रंगुबाई म्हणाली. "ही माजी बोली."

त्यावर कुणी बोली लावली नाही. रंगुबाईनं कोंबडी उचलली आणि बनुबाईपुढं धरली. बनुबाई सवयीनं टेबलाकडे वळली.

"थांब," रंगुबाई म्हणाली. "आजवर मी देवाला दिलं ते समदं तुजंच हुतं. आज पयल्यांदा माजं काय तरी हाय. ते बी तू देवाला देतीस व्हय? मंग मी काय दिलं?"

बनुबाईचे कान तापले. आयुष्यभर देत आली ती बाई. घ्यायचं कसं हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. तिनं कोंबडी अशी काही धरली की पायांची दोरी सुटली, कोंबडी निसटून वेदीखाली गेली आणि पाळकसाहेबांना झगा सावरत गुडघ्यावर यावं लागलं.

"नीट धर," रंगुबाई म्हणाली. "लेकीसाठी हाय."

बनुबाईनं दोन्ही हातांनी कोंबडी छातीशी धरली. रडू आलं, ते तिनं लपवलंही नाही.

चार दिवसांनी रूथला मुलगा झाला. रस्सा शिजला तसा बनुबाईचा हात वाटीकडे गेला. एक वाटी रंगुबाईला पाठवावी म्हणून जीव नुसता कासावीस झाला. रूथनं आईकडे बघितलं फक्त. बनुबाईनं वाटी खाली ठेवली. एवढं जड काम तिनं खडीवरही केलं नव्हतं.

दुपारी रंगुबाई खराटा घेऊन दारात उभी राहिली. चर्च झाडून आली होती, मान ताठ.

"पुरली का माजी कोंबडी?"

"पुरली, बाई," बनुबाई म्हणाली. "तुजीच पुरली."